कसाऱ्याचे पाणी आणि सातासमुद्रापलीकडची सही

दरवर्षी जुलै महिना उजाडला की ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील सभागृहांना विशेष मागणी येते. बाहेर पावसाची झड लागलेली असते आणि आत सेवा क्लबांचे पदग्रहण सोहळे चालू असतात. मावळते अध्यक्ष आपल्या गळ्यातील पदाची साखळी उतरवून नव्या अध्यक्षांच्या गळ्यात घालतात. टेबलावरची घंटा वाजते. गतवर्षी किती रक्तदान शिबिरे झाली, किती वृक्ष लावले, किती शाळांना संगणक दिले, याचा अहवाल वाचला जातो. परदेशातील एखाद्या क्लबाशी झालेल्या ध्वजपटांच्या अदलाबदलीचे छायाचित्र पडद्यावर झळकते आणि टाळ्या पडतात. ३० जूनला एक वर्ष संपलेले असते, १ जुलैला दुसरे सुरू झालेले असते. नव्या अध्यक्षांच्या मनात नवे संकल्प असतात. जुन्या अध्यक्षांच्या संकल्पांचे पुढे काय होते, हा प्रश्न त्या सायंकाळी सहसा कोणी विचारीत नाही.

या सोहळ्यांची टिंगल करणे सोपे आहे, आणि राष्ट्रीय विचारांच्या वर्तुळात ती बराच काळ होतही आली आहे. इंग्रजी घंटा, कोटाच्या कॉलरवरची टाचणी, सभेनंतरचे सुग्रास भोजन यांवर बोट ठेवून ‘साहेबी सेवा’ असा शिक्का मारला की विषय संपतो. हा शिक्का अन्याय्य आहे. ज्यांना या क्लबांच्या कार्यपद्धतीवर टीका करायची असेल त्यांनी आधी त्यांचे देणे चोख मोजले पाहिजे, अन्यथा टीकेला नैतिक बळ राहत नाही.

हे देणे लहान नाही. १९०५ साली शिकागोत स्थापन झालेली रोटरी १९२० च्या सुमारास कोलकात्यात आली. लायन्सची चळवळ १९५६ मध्ये मुंबईत पोहोचली. (त्याच शिकागोत १८९३ मध्ये स्वामी विवेकानंदांनी हिंदू धर्माचा जयघोष केला होता आणि चार वर्षांनी मायदेशी रामकृष्ण मिशनच्या रूपाने संघटित सेवेचा पाया घातला होता. रोटरीचा जन्म त्यानंतरचा आहे, याचे स्मरण सेवेचा विचार पश्चिमेकडून आला असे मानणाऱ्यांनी ठेवावे.) पोलिओच्या निर्मूलनाचा संकल्प रोटरीने १९८५ मध्ये जाहीर केला. डॉ. हर्षवर्धन दिल्लीचे आरोग्यमंत्री असताना १९९४ मध्ये तेथे पल्स पोलिओची मोहीम राबविली गेली आणि पुढच्याच वर्षी ती देशभर पसरली. त्यानंतरच्या असंख्य ‘पोलिओ रविवारी’ घरोघर फिरल्या त्या अंगणवाडी सेविका आणि सरकारी आरोग्य कर्मचारी, हे खरेच. पण शहरोशहरीच्या बूथवर टोपी घालून बसलेले, लहानग्यांच्या बोटाला शाई लावणारे आणि परिचारिकांच्या चहापाण्याची काळजी घेणारे क्लबांचे सदस्यही होते. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात देशातील अखेरचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. या यशात ज्या बिगरसरकारी संघटनांचा वाटा आहे त्यांत रोटरीचे नाव अग्रभागी घ्यावेच लागेल.

आंतरराष्ट्रीय प्रकल्प म्हणजे गोऱ्यांनी द्यायचे आणि आपण घ्यायचे, हा समजही आता जुना झाला. हात गमावलेल्यांना क्लबांच्या शिबिरांतून विनामूल्य मिळणारा ‘एलएन-फोर’ हा कृत्रिम हात कॅलिफोर्नियातील मेडोज कुटुंबाने अपघातात गेलेल्या आपल्या मुलीच्या स्मरणार्थ जगाला दिला. त्याच शिबिरांतून बसविला जाणारा ‘जयपूर फूट’ मात्र रामचंद्र शर्मा या जयपूरच्या कारागिराचे आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांचे देणे आहे. रोटरीचे जागतिक अध्यक्षपद १९९१-९२ मध्ये भूषविलेल्या चंडीगढच्या राजेंद्र साबू यांनी १९९८ मध्ये भारतीय शल्यविशारदांचे पथक युगांडात नेले आणि पुढे अशी पथके आफ्रिकेतील अनेक देशांत जात राहिली. भारतीय डॉक्टरांनी आफ्रिकेत जाऊन विनामूल्य शस्त्रक्रिया कराव्यात, हे ‘वसुधैव कुटुंबकम्’ म्हणणाऱ्या कोणालाही अभिमानास्पद वाटेल.

मग आक्षेप कशाला? आक्षेप आहे तो या सेवेच्या रचनेला आणि त्या रचनेतून येणाऱ्या विसराळूपणाला. पोलिओचे यश नीट पाहिले तर त्याचे मर्म ध्यानात येते. तो संकल्प ३० जूनला संपला नाही. अध्यक्ष बदलले, घोषवाक्ये बदलली, पण पोलिओचे काम पंचवीस-तीस वर्षे चालू राहिले. जे पोलिओबाबत साधले ते शहापूरच्या विहिरीबाबत का साधू नये, हा खरा प्रश्न आहे.

दिनदर्शिका क्लबाची आणि पाण्याची

कल्याणहून कसारा लोकलने निघालेला प्रवासी ६७ किलोमीटरवरच्या अखेरच्या स्थानकात उतरतो. वाटेत आसनगाव, म्हणजे शहापूरचे स्थानक. या तालुक्यात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. याच तालुक्यात १८९२ मध्ये पूर्ण झालेले तानसा धरण आहे. मुंबईच्या पाण्याचा सुमारे निम्मा भार वाहणारे भातसा धरणही येथेच आहे. भातसा नदीचे पाणी पिसे येथून ठाण्यालाही जाते. आणि याच तालुक्यात, कसारा व डोळखांब परिसरातील पाड्यांवर, होळीच्या मागेपुढे टँकरची वाट पाहिली जाते. विहिरीत टँकर रिता होतो तेव्हा काठावर हंडे घेऊन उभ्या असलेल्या ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी भगिनींची छायाचित्रे दर उन्हाळ्यात वृत्तपत्रांत येतात आणि दर पावसाळ्यात विसरली जातात.

कल्याण-डोंबिवलीची कथा वेगळी नाही. ही शहरे उल्हास नदीचे पाणी पितात आणि उल्हासला उन्हाळ्यात जिवंत ठेवण्यात बारवी धरणाचा मोठा वाटा आहे. या धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढविली गेली तेव्हा मुरबाड तालुक्यातील गावे आणि पाडे पाण्याखाली गेले. डोंबिवलीच्या कारखान्यांना आणि घरांना पाणी मिळावे म्हणून कोणाची तरी चूल, कोणाचे तरी ग्रामदैवत आणि कोणाची तरी भातखाचरे बुडाली. विस्थापित कुटुंबांतील काहींना नोकऱ्या मिळाल्या, काहींना भरपाई मिळाली. त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. काळू आणि शाई या नियोजित धरणांचा वाद तर अजून मिटलेला नाही.

अशा परिस्थितीत शहरातील सेवा क्लबाने शहापूर-मुरबाडकडे वळावे हे योग्यच आहे, आणि क्लब वळतातही. बंधारे बांधले जातात, विंधन विहिरी खोदल्या जातात, पाण्याच्या टाक्या उभ्या राहतात. पण त्या कशा उभ्या राहतात, हे पाहण्यासारखे आहे. जुलैमध्ये नवे अध्यक्ष पदावर येतात तेव्हा तालुका हिरवागार असतो, ओढे दुथडी वाहत असतात आणि टंचाई कोठे दिसतच नाही. दिवाळीपर्यंत प्रकल्पाची निवड होते. कागदपत्रे, अंदाजपत्रके, भागीदारांशी पत्रव्यवहार यांत हिवाळा जातो. एप्रिल-मेमध्ये, ३० जूनची तारीख डोळ्यांसमोर ठेवून, घाईने काम उरकले जाते. कोनशिला बसते, नारळ फुटतो, देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली जातात. पाऊस पडतो, बंधारा भरतो, सर्वांना आनंद होतो.

आता पाण्याची दिनदर्शिका पाहा. पावसाळ्याचा जोर ओसरला की ऑक्टोबरात बंधाऱ्याच्या गाळ्यांत फळ्या बसवायच्या असतात, तरच पाणी अडते. त्या फळ्या पुन्हा पावसाळ्यापूर्वी काढायच्या असतात, नाही तर पुरात बांध फुटण्याचा धोका असतो. फळ्या कुजतात, लोखंडी असल्या तर चोरीस जातात. गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. हातपंपाचे वॉशर झिजते आणि ते बदलायला कोणी मिळत नाही म्हणून लाखाची विहीर बंद पडते. या कामांना उद्‌घाटन नसते. ती कामे ज्या ऑक्टोबरात करायची असतात तेव्हा बंधारा बांधणारे अध्यक्ष ‘माजी’ झालेले असतात, आणि नव्या अध्यक्षांना दुसऱ्याच्या नावाच्या कोनशिलेखाली गाळ उपसण्यात रस वाटत नाही. यात कोणा एका व्यक्तीचा दोष नाही. एकाच वर्षाच्या पदाची ही रचनाच अशी आहे की ती बांधणाऱ्याचा गौरव करते आणि राखणाऱ्याला विसरते.

सही कोणाची हवी?

याहून गंभीर मुद्दा ‘आंतरराष्ट्रीय’ या विशेषणाचा आहे. रोटरीच्या मोठ्या अनुदानाची, ज्याला ग्लोबल ग्रँट म्हणतात, त्याची अट अशी की प्रकल्पाचा एक पुरस्कर्ता क्लब ज्या देशात काम होणार तेथला असावा आणि दुसरा त्या देशाबाहेरचा. प्रकल्पाचा किमान आकार ३०,००० डॉलर, म्हणजे सध्याच्या दराने २५ लाख रुपयांहून अधिक. या अटीमागचा हेतू उदात्त आहे. दोन देशांतील माणसे जोडली जावीत, परस्परांवर देखरेख राहावी, हा तो हेतू. युगांडातील बालिकेच्या हृदयाची शस्त्रक्रिया न्यू यॉर्कमध्ये घडवून आणण्यापासून १९७५ मध्ये ‘गिफ्ट ऑफ लाइफ’चे काम सुरू झाले. तेथे असा दुवा आवश्यकच होता.

पण ठाण्याच्या क्लबाला शहापूरच्या पाड्यावर बंधारा बांधण्यासाठी अमेरिकेच्या किंवा युरोपच्या एखाद्या गावातील क्लबाची सही का शोधावी लागावी? भातसेचे पाणी पिणारा ठाणेकर शहापूरकरांचा ऋणी आहे. ऋणको आपले ऋण फेडण्यासाठी तिसऱ्याच्या दारात जातो, निम्मी रक्कम त्याच्याकडून आणतो आणि सावकाराच्या अंगणात परतफेडीचा फलक लावून त्यावर ‘दान’ असे लिहितो, असा हा प्रकार आहे. त्यात भर म्हणजे ज्या परदेशी क्लबाचे नाव फलकावर येते, त्याने शहापूरचे एक थेंब पाणीही प्यालेले नसते. त्याचा उपकार मात्र खरोखरच निरपेक्ष असतो. लाज वाटावी ती ठाण्याला.

पैसा नाही म्हणून हे करावे लागते, हा युक्तिवाद टिकत नाही. रोटरी फाउंडेशनला देणगी देणाऱ्या देशांत भारत गेली काही वर्षे अग्रभागी आहे. एक हजार डॉलर दिले की ‘पॉल हॅरिस फेलो’ हा बहुमान मिळतो, आणि या तीन शहरांत तो कॉलरवर मिरविणारे सद्‌गृहस्थ कमी नाहीत. घोडबंदर रस्त्यावरच्या उत्तुंग इमारती, कल्याणच्या खाडीकाठची नवी संकुले, डोंबिवलीच्या पलावापर्यंत पसरलेली वस्ती पाहता येथे पैशाची वानवा आहे असे कोण म्हणेल? वनराई बंधाऱ्याला लागतात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, ओढ्यातली वाळू-माती आणि पन्नास माणसांचे एका रविवारचे श्रम. त्याला ना डॉलर लागतात ना सातासमुद्रापलीकडची सही. अडचण एवढीच की त्याची किंमत इतकी कमी असते की वार्षिक अहवालात तो आकडा शोभत नाही.

परदेशी निधीबाबत कायद्याने २०२० मध्ये बरीच शिस्त आणली. परदेशी अंशदान नियमन कायद्यातील दुरुस्तीनुसार असा सर्व निधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच यावा लागतो. एका संस्थेने तो घेऊन दुसरीला देण्याचा मार्ग बंद झाला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. धर्मांतराच्या आणि विकासविरोधी उद्योगांना त्यामुळे आळा बसला तर ते हवेच आहे. सेवा क्लबांचा त्या उद्योगांशी संबंध नाही, हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे. तथापि या कायद्याने प्रामाणिक संस्थांनाही एक प्रश्न विचारला आहे : जे काम शेजाऱ्याच्या खिशातून होऊ शकते, त्यासाठी दूरच्या खिशाकडे पाहण्याची सवय का लागली?

रोझेलची मावशी

परदेशी मदत म्हटली की कल्याणकरांना एक नाव आठवायला हवे. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात जन्मलेली यमू पुढे डॉ. आनंदीबाई जोशी झाली. तिला शिकविण्याची धडपड करणाऱ्या गोपाळरावांनी एका अमेरिकी मिशनरीला साहाय्यासाठी पत्र लिहिले होते. ते अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापले गेले, आणि सोबत ख्रिस्ती होण्याची अपेक्षाही सूचित झाली. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने दंतवैद्याच्या दवाखान्यात बसल्या बसल्या ते पत्र वाचले. ती कोणा संघटनेची पदाधिकारी नव्हती. तिने कोणतीही अट न घालता त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिले. पुढे तीन वर्षे दोघींचा पत्रव्यवहार चालला आणि आनंदीबाईंनी तिला ‘मावशी’ मानले.

१८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात, आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे आनंदीबाईंनी निक्षून सांगितले. जूनमध्ये त्या न्यू यॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांना न्यायला कार्पेंटरबाई आल्या होत्या. त्यांच्या घरी आनंदीबाई शाकाहारी राहिल्या, लुगडेच नेसल्या, सणवार करीत राहिल्या. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एम. डी. झाल्या. क्षयाने पोखरलेल्या अवस्थेत त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या. न्यू यॉर्क राज्यातील पुकिप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, कल्याणच्या या कन्येचे स्मारक आजही आहे.

रोटरीचा जन्म होण्यापूर्वी बावीस वर्षे कल्याणने हे आंतरराष्ट्रीय साहाय्य अनुभवले. यात कोणी ‘लाभार्थी’ नव्हते. ‘लाभार्थी’ हा शब्द सरकारी कार्यालयातून सेवेच्या क्षेत्रात आला आणि त्याने मोठे नुकसान केले. लाभार्थ्याला नाव नसते, त्याची संख्या असते. कार्पेंटरबाईंना आनंदीचे डोके कधी दुखते आणि थंडीत तिचा खोकला किती वाढतो हे ठाऊक होते. आज ठाणे-कल्याणच्या एखाद्या क्लबाने ज्या पाड्यावर टाकी बांधली, तेथील एका तरी घरातील माणसांची नावे त्याच्या सदस्यांना ठाऊक आहेत का? ज्यांना आहेत त्यांना हा लेख उद्देशून नाही. असे सदस्य आहेत, आणि बहुधा ते व्यासपीठावर मागच्या रांगेत बसलेले असतात.

अशी सेवा परदेशातच घडते असे नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. सुमारे १,०५० प्रवासी डब्यांत होते. आपत्ती निवारण दलाच्या बोटी आणि नौदलाची पथके आली, सर्व प्रवासी सुखरूप बाहेर आले. पण आधी आणि बरोबरीने धावले ते चामटोली परिसरातील ग्रामस्थ. त्यांच्याजवळ फलक नव्हता, अहवालही नव्हता. २०२० च्या टाळेबंदीत नाशिक महामार्गावरून कसारा घाटाच्या दिशेने चालत निघालेल्या श्रमिकांच्या झुंडींना पडघा-शहापूरच्या पट्ट्यात पाण्याचे माठ आणि भाकरी पुरविणाऱ्यांतही अशीच माणसे होती. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात टँकरचे पाणी येते, त्यांनी वाटसरूंना पाणी पाजले.

आरसा स्वतःपुढेही

येथवर वाचून समाधानाने मान डोलावणाऱ्या राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्याने थोडे थांबावे. कोनशिलेचा मोह केवळ क्लबांना होतो असे नाही. १९७२ च्या दुष्काळात उभी राहिलेली जनकल्याण समिती असो वा १९५२ मध्ये जशपूरला सुरू झालेला वनवासी कल्याण आश्रम असो, त्यांचे मोठेपण त्यांच्या सेवाप्रकल्पांच्या संख्येत नव्हते. अलीकडे मात्र आपल्याही बैठकांत ‘किती प्रकल्प’ हा प्रश्न ‘कोण राहिले’ या प्रश्नाच्या आधी येऊ लागला आहे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीची दोन टक्क्यांची तरतूद २०१४ पासून लागू झाल्यावर तर अहवालाची भाषा सगळीकडे एकसारखीच झाली. ‘शाश्वत’, ‘सक्षमीकरण’, ‘परिणाम-मूल्यांकन’ हे शब्द क्लबाच्या कागदावर जसे दिसतात तसेच आपल्याही.

कल्याणने याबाबतीतही एक आदर्श घालून ठेवला आहे. कल्याणहून माधवराव काणे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील तलासरीला गेले. १९६७ मध्ये तेथे सुरू झालेले वनवासी मुलांचे वसतिगृह त्यांनी आपले घर मानले. त्या काळी तलासरीत लाल बावट्याचा दरारा होता. बाहेरून आलेल्या ‘बामणा’ला तेथे कोणी उभे करून घेईल अशी स्थिती नव्हती. माधवराव राहिले. मुलांना अभ्यासाला बसविले, त्यांच्या आजारपणात उशाशी बसले, त्यांच्या पाड्यांवर पायी गेले. त्या वसतिगृहात शिकलेले चिंतामण वनगा वकील झाले, खासदार झाले आणि २०१८ मध्ये निधन होईपर्यंत आपल्या माणसांत राहिले. एक वनवासी मुलगा लोकसभेत पोहोचायला किती वर्षे लागली याचा हिशेब केला, तर ‘वार्षिक प्रकल्प’ या शब्दप्रयोगातली विसंगती ध्यानात येईल.

या शहरांना टिकाऊ संस्था उभ्या करता येत नाहीत असेही नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, डोंबिवलीचे गणेश मंदिर संस्थान १९२४ चे. याच संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ मध्ये निघालेल्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेचे अनुकरण पुढे महाराष्ट्रभर झाले. जी शहरे शतकभर ग्रंथालय चालवितात, त्यांना वीस वर्षे एक पाडा सांभाळणे अशक्य का असावे?

सेवा क्लबांजवळ तर असे एक सामर्थ्य आहे की जे कोणत्याच सामाजिक संघटनेजवळ सहजी नसते. रोटरीची मूळ कल्पना अशी की प्रत्येक व्यवसायातील एकेक निवडक माणूस सभासद असावा. म्हणजे एका क्लबात शल्यविशारद, बांधकाम अभियंता, सनदी लेखापाल, वकील, छापखान्याचा मालक असे सगळेच भेटतात. या माणसांनी फावडे घेऊन छायाचित्र काढून घेण्याऐवजी आपापली विद्या घेऊन शहापूरला जावे. २०१९ मध्ये घोषित झालेल्या जल जीवन मिशनखाली गावोगाव नळपाणी योजना मंजूर झाल्या. त्यांतील नळ कोठे कोरडा आहे, जलवाहिनी किती खोल पुरली आहे, टाकीचे काँक्रीट अंदाजपत्रकाप्रमाणे आहे का, हे ग्रामसभेला समजावून सांगणारा अभियंता पाड्यावर कोणी नाही. ठेकेदाराच्या देयकावर अंगठा उमटण्यापूर्वी ते वाचून दाखविणारा लेखापाल नाही. वीटभट्टीवर उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडे उतरणाऱ्या कातकरी कुटुंबाचा हिशेब तपासणारा वकील नाही. ही कामे वादग्रस्त आहेत, त्यांत ठेकेदार आणि पुढारी दुखावतात, म्हणून क्लबाच्या ‘अराजकीय’ चौकटीत ती बसत नाहीत असे सांगितले जाईल. परंतु तहान अराजकीय नाही. भातसेचे पाणी कोठे जावे आणि कोठे जाऊ नये हा निर्णय कोणत्याही काळी अराजकीय नव्हता.

येत्या जुलैतही साखळी एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाईल. त्या सोहळ्यात ठाणे, कल्याण वा डोंबिवलीच्या एखाद्या क्लबाने एवढेच करावे. मावळत्या आणि नव्या अध्यक्षांनी शहापूर किंवा मुरबाडच्या एकाच पाड्याचे नाव उच्चारावे, आणि पुढच्या दहा अध्यक्षांनाही तेच नाव बंधनकारक राहील असा ठराव करावा. परदेशी भागीदाराची वाट पाहू नये. कोनशिला लावू नये. घटस्थापनेनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळच्या कसारा लोकलने दहा सदस्यांनी जावे आणि गेल्या वर्षी, त्याच्या आदल्या वर्षी किंवा दहा वर्षांपूर्वी कोणीही बांधलेल्या बंधाऱ्याच्या फळ्या बसवून यावे. फळ्या सापडल्या नाहीत तर त्या कोणाकडे आहेत हे पाड्यावर विचारावे. तेवढ्या चौकशीतच निम्मे गाव ओळखीचे होईल. मग पुढच्या होळीला, टँकर यायच्या वेळी, त्याच दहाजणांनी पुन्हा जाऊन विहिरीत दोर सोडून पाहावा.